कंबर, गुडघा आणि भिगवण



स्मृतिव्याख्यानासाठी वैद्यकातला विषय घ्यायचा तर वक्ता बहुधा मोठ्या नावाचा आजार निवडतो. मी आज कंबरदुखी घेऊन आलो आहे. तिच्या सोबतीला गुडघे, मान आणि खांदेही आहेत. ज्याची कधी पाठ धरली नाही, उसण भरली नाही असा माणूस या सभागृहात शोधावाच लागेल. तरी या दुखण्याला सार्वजनिक चर्चेत जागा नाही, कारण त्याने माणूस मरत नाही. आपल्या आरोग्याच्या नोंदी फार काळ मृत्यूंभोवती फिरल्या. बालमृत्यू किती, मातामृत्यू किती, हिवतापाने किती दगावले हे जिल्हावार सांगता येतं आणि त्यावरून निधी मागता येतो. धानाची रोवणी आटोपल्यावर किती बायांना जमिनीवरून उठताना खांबाचा आधार घ्यावा लागतो, याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही.

हा रकाना महाराष्ट्रातल्या एका गावात भरला गेला. तो भरणारे संशोधक म्हणजे पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा. त्यांच्या कामाच्या आधारे मला एकच गोष्ट मांडायची आहे. ‘किती दुखतं?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘दुखण्यामुळे काय करता येत नाही?’ हा खरा प्रश्न आहे. तो नीट विचारला की उपचाराची जागा बदलते, उपचार करणारे हात बदलतात आणि उपचाराची जबाबदारीही एकट्या रुग्णावर राहत नाही.

आधी गाव पाहू. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला शंभरेक किलोमीटरवर भिगवण लागतं. इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणाच्या पाण्याकाठचं गाव. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला गाड्या भरभरून लोक तिथे जातात. १९९६ साली तिथे वेगळीच मोजणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९८१ मध्ये ‘कोपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम आखला होता. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, कमी खर्चात, गावपातळीवर हाडं-सांधे-स्नायूंची दुखणी शोधायची आणि आटोक्यात आणायची असा त्याचा हेतू. इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांत तो आधी राबवला गेला. भिगवणला डॉ. चोप्रांनी त्याला आपल्या परिस्थितीचा घाट दिला.

पद्धत साधी, पण विचारपूर्वक बांधलेली आहे. पहिल्या टप्प्यात प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर जातात आणि प्रत्येक प्रौढ माणसाला विचारतात: गेल्या सात दिवसांत कुठे दुखलं का? त्याआधी कधी दुखत होतं का? हातातल्या कागदावर माणसाची आकृती छापलेली असते. लिहिता-वाचता न येणारी आजीही तिच्यावर बोट ठेवून जागा दाखवू शकते. दुसऱ्या टप्प्यात ज्यांना दुखतं त्यांना सविस्तर प्रश्न विचारतात. तिसऱ्यात संधिवाततज्ज्ञ प्रत्यक्ष तपासतात आणि अगदी गरजेच्या तेवढ्याच चाचण्या करतात. मूळ आराखड्यात हे टप्पे एकामागून एक होते, आणि मधल्या काळात माणसं कामाला, गावाला, लग्नाला निघून जात. चोप्रांनी तिन्ही टप्पे एकाच वेळी समांतर चालवले. आज घरी प्रश्न विचारला की तपासणीही लगेच. पुढे भारतातल्या इतर सर्वेक्षणांनी हीच जलद पद्धत उचलली.

भिगवणला ४,०९२ प्रौढांची नोंद झाली. त्यातल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरातल्या साधारण अठरांना, हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. बायांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. सगळ्यांत जास्त दुखणाऱ्या जागा दोन: गुडघा आणि कंबर. इथपर्यंत तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य पुढे आहे. आमवात, ज्यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते, तो दोनशे माणसांत साधारण एकाला निघाला. झिजेचा संधिवात शंभरात सहाजणांच्या आसपास. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं स्नायूंचं, कंडरांचं, सांध्याभोवतालच्या मऊ भागांचं होतं, किंवा ज्याला पुस्तकातलं नेमकं नाव देता येत नाही असं होतं.

शहरातल्या तज्ज्ञाच्या दवाखान्यात बसलं की उलटं चित्र दिसतं. तिथे आमवाताचे आणि इतर अवघड आजारांचे रुग्ण गोळा होतात, कारण गाळून गाळून तेच तिथपर्यंत पोहोचतात. वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी शिकतो तो याच गाळलेल्या रुग्णांवर. मग तो गावी जातो, समोर कमरेवर हात ठेवून बसलेली शेतमजूर बाई असते, आणि तिच्या दुखण्याचं प्रकरण त्याच्या पुस्तकात अर्ध्या पानाचं असतं. दुखण्याचा मोठा भाग जिथे आहे तिथे आपण शिकवतही नाही आणि खर्चही करत नाही, हे भिगवणच्या आकड्यांनी उघडं पाडलं.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कपडे घालणं, उठणं, खाणं, चालणं, स्वच्छता, हात पोहोचणं, पकड आणि रोजची कामं अशा आठ गटांत वीस प्रश्न. प्रत्येक कामाला शून्य ते तीन गुण: अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, जमतच नाही. सांध्याचा फोटो न काढता माणसाचा दिवस किती अडला हे त्यातून कळतं. जगभर ती वापरली गेली. पण तिच्यातली घरं अमेरिकेतली होती. न्हाणीच्या टबात उतरता येतं का, मोटारीचं दार उघडता येतं का, मांस कापता येतं का, व्हॅक्युम क्लीनर फिरवता येतो का!

भंडाऱ्याच्या बाईला हे विचारून काय हाती लागणार? तिचा दिवस जमिनीवर जातो. उकिडवं बसणं, मांडी घालणं, चुलीपुढून उठणं, विहिरीतून पाणी शेंदणं, भाकरी थापणं, डोक्यावर भारा घेणं. आपल्याकडच्या संशोधकांनी ही प्रश्नावली भारतीय रुग्णासाठी नव्याने बांधली. पुण्याच्या केंद्राने आपलं रूप तयार केलं, दिल्लीच्या एम्समध्येही स्वतंत्र काम झालं. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं वैद्यकीय मोजमापात आलं. ही किरकोळ दुरुस्ती नव्हे. गुडघा नव्वद अंशांत वाकला की खुर्चीतल्या माणसाचं भागतं. उकिडवं बसायला तो जवळजवळ पूर्ण मिटावा लागतो. ज्या घरात शौचाला उकिडवंच बसावं लागतं तिथे गुडघ्याचे उरलेले अंश म्हणजे लाज आणि स्वावलंबन यांच्यामधलं अंतर आहे. पुनर्वसनाचं उद्दिष्ट त्या घरातून ठरलं पाहिजे. अशा बाईला ‘जमिनीवर बसू नका’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं तर ती मान डोलावते आणि घरी जाऊन जमिनीवर बसते, कारण तिच्या घरात खुर्ची नाही आणि चूल जमिनीवर आहे.

प्रश्न असा बदलला की उपचारांकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं. कंबर दुखली की आपल्याकडे एक क्रम ठरलेला आहे: इंजेक्शन, कमरेचा पट्टा, पडून राहणं, वजन लावणं, एमआरआय, आणि अहवालात ‘गादी सरकली’ असं दिसलं की शस्त्रक्रियेची धास्ती. या एकेका पायरीला पुरावा काय आहे?

पडून राहण्यापासून सुरुवात करू. अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डेयो यांनी १९८६ मध्ये २०३ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले आणि बरं होण्यात ते कुठेही मागे पडले नाहीत. आता एमआरआय. २०१५ मध्ये एका आढाव्यात तीन हजारांहून अधिक अशा लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या, ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे केस पिकावेत तशा गाद्याही वयानुसार बदलतात, आणि त्या बदलाचा दुखण्याशी संबंध असेलच असं नाही. अहवालातला शब्द मात्र माणसाला घाबरवतो. तो वाकायचं बंद करतो, उचलायचं बंद करतो, स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखणं मुक्कामाला राहतं.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या कंबरदुखीवर मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. दुखण्याची समज देणं, व्यायाम, काही हाताने करायचे उपचार, मनाला उभारी देणारे उपचार आणि गरजेपुरती वेदनाशामकं यांची शिफारस केली. कमरेचे पट्टे, वजन लावणं आणि अफूवर्गातली औषधं सरसकट वापरू नयेत असंही सांगितलं. आपल्या ठरलेल्या क्रमातल्या दोन पायऱ्या तिथे नावानिशी बाद झाल्या आहेत.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. ‘बहुतेक कंबरदुखी साधी असते’ याचा अर्थ सगळी साधी असते असा नाही. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायातली शक्ती कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पूर्वी क्षयरोग किंवा कर्करोग झालेला असणं, ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही होतो. सकाळी उठल्यावर हातांची बोटं तासभर आखडून राहत असतील आणि छोटे सांधे सुजत असतील तर आमवाताची तपासणी लगेच, कारण त्यावर सुरुवातीच्या महिन्यांत योग्य औषध मिळालं तर सांधे वाचतात. दोनशेतला तो एक वेळेवर ओळखायचा आणि बाकीच्यांना विनाकारण घाबरवायचं नाही, ही दोन्ही कामं भिगवणच्या पद्धतीत एकत्र होती.

डॉ. चोप्रांच्या आणखी एका कामाचा उल्लेख करतो, कारण त्यावरून आपल्याकडे भावना लवकर तापतात. गुडघ्याच्या झिजेवर सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्यापासून बनवलेली आयुर्वेदिक औषधं उपयोगी पडतात का, हे त्यांनी आधुनिक चाचणीच्या कसोटीवर लावलं. ४४० रुग्ण, २४ आठवडे. कोणाला कोणतं औषध मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष आला: दुखणं आणि हालचाल या बाबतीत ही औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबच्या बरोबरीची ठरली. त्याच लेखात असंही नोंदवलं होतं की काही रुग्णांत यकृताच्या एका तपासणीचे आकडे वाढले आणि सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पहिलं वाक्य उचललं, टीकाकारांनी दुसरं. संशोधकाने मात्र दोन्ही एकाच पानावर छापली होती. अशी सचोटी मला मोलाची वाटते.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. भिगवण पश्चिम महाराष्ट्रातलं आहे. आपल्याकडची कामं वेगळी आहेत. पश्चिम विदर्भात वाकून कापूस वेचणं, पूर्वेकडे गुडघाभर चिखलात धानाची रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणं, वीटभट्टी, कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी, नागपूरच्या कळमना बाजारातली पोती. शिवाय चिकुनगुनिया. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली, मग तो तीन दशकं जवळजवळ विसरला गेला आणि २००६ च्या सुमारास महाराष्ट्रात जोराने परतला. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूरने तो पुन्हा पाहिला. ताप आठवड्यात उतरतो. काहींचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात. साथीच्या बातम्या तापाबरोबर संपतात आणि सांध्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारायला जात नाही.

विचारणारे आपल्याकडे नाहीत असं नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत काम करते. वर्धा जिल्ह्यात असताना डॉ. अभय बंगांनी रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला किती उष्मांक लागतात याचा हिशेब तपासला आणि रोजी चार रुपये नव्हे, बारा रुपये हवी असं दाखवून दिलं. श्रमणाऱ्या शरीराचं मोजमाप हे धोरण बदलण्याचं साधन होऊ शकतं, याचं ते उदाहरण. पुढे ‘सर्च’ने गडचिरोलीतल्या गावांत हाडा-स्नायूंच्या दुखण्याचीही घरोघर पाहणी केली. कंबरदुखी हा तिथल्या लोकांचा मोठा प्रश्न असल्याचं पुढे आलं, आणि मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनच्या साथीने तिथे मणक्याच्या रुग्णांची सेवा उभी राहिली.

गडचिरोलीचा खरा धडा मात्र मला दुसरीकडे दिसतो. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘सर्च’ने दाखवलं की गावातल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिलं तर त्या घरीच नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखू शकतात, उपचार करू शकतात. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे ही पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. मग मी विचारतो, ज्या बाईवर आपण दोन किलोच्या बाळाचा जीव सोपवतो, तिच्यावर मांडीच्या स्नायूंचे चार व्यायाम शिकवणं का सोपवू नये? गुडघ्याच्या झिजेत मांडीचा स्नायू बळकट करणं हा उत्तम पुरावा असलेला उपचार आहे. त्याला यंत्र लागत नाही. लागतो तो कोणीतरी दर आठवड्याला येऊन ‘केलंस का गं?’ असं विचारणारा माणूस. तालुक्याच्या ठिकाणी एक फिजिओथेरपिस्ट, गावात प्रशिक्षित आशा, आणि धोक्याची लक्षणं दिसली तर जिल्ह्याला पाठवण्याची ठरलेली वाट, एवढी साखळी उभी करणं अशक्य नाही.

पण उपचारांच्याही पुढे एक टप्पा आहे. कोपकॉर्डच्या आराखड्यात मोजणीनंतर लोकशिक्षण येतं आणि शेवटी कारणांचा शोध आणि प्रतिबंध. इथे डॉक्टरची खोली संपते आणि कामाची जागा सुरू होते.

नागपुरात खाण कामगारांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था होती. २०१९ मध्ये ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन झाली. तिथल्या संशोधकांनी डंपर, डोझर चालवणाऱ्यांच्या शरीराला बसणारे हादरे मोजले. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारं उभं कंपन आपल्या धडाला नेमकं जुळतं आणि मणक्यावरचा भार वाढवतं. आठ तासांच्या पाळीत असं कंपन किती सोसावं याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. आता अशा चालकाची कंबर दुखली तर इलाज कोणाचा करायचा? त्याला पट्टा बांधून पुन्हा त्याच सीटवर बसवायचं, की खाणीतला रस्ता सपाट करायचा, सीटचे धक्के शोषणारे भाग बदलायचे आणि पाळ्या फिरवायच्या? रस्त्यावर रोलर फिरवणं हेही तिथे वैद्यकीय काम आहे.

तीच गोष्ट पोत्यांची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त ओझं हाताने वाहू नये. आपल्या बाजारांत शंभर किलोचं पोतं पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर गेलं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं वजन कमी करण्यासाठी संघर्ष केला; महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालाच्या पाठीसाठी पन्नास किलोच्या पोत्याने जे साधतं ते कुठल्याही मलमाने साधणार नाही. या लढ्यांना मी मणक्याच्या वैद्यकाचा भाग मानतो.

जगाचे आकडे ऐकले की याची निकड कळते. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. पुनर्वसनाचा उपयोग होऊ शकेल अशी जगात सुमारे २४१ कोटी माणसं आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट हाडा-स्नायूंच्या दुखण्यांचाच. इतक्या लोकांना तज्ज्ञ पुरणार नाहीत, शस्त्रक्रियागृहं तर नाहीतच. भिगवणच्या वाटेने जाण्यावाचून पर्याय नाही.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या करतो. पहिली: नागपूर आणि विदर्भातल्या प्रत्येक वैद्यकीय आणि फिजिओथेरपी महाविद्यालयाने एकेक गाव घ्यावं आणि विद्यार्थ्यांकरवी कोपकॉर्ड पद्धतीने दुखण्याची मोजणी करावी. कापसाचं गाव, धानाचं गाव, खाणीशेजारचं गाव, प्रत्येकाचं चित्र वेगळं निघेल. दुसरी: आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजताना आणखी दोन प्रश्न विचारावेत: कुठे दुखतं, आणि त्यामुळे कोणतं काम अडतं. तिसरी: त्या उत्तरांचा गोषवारा ग्रामसभेत, बाजार समितीत आणि खाण व्यवस्थापनापुढे ठेवावा, कारण पोत्याचं वजन, विळ्याचा दांडा, सीट आणि रस्ता यांचे निर्णय तिथे होतात.

यासाठी नवी इमारत नको, महागडं यंत्र नको. छापील आकृतीचा कागद, प्रशिक्षित स्वयंसेवक आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी एवढं पुरतं. या सभागृहात महाविद्यालयांचे अध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत. तुमच्यापैकी कोणी येत्या हंगामात एखादं गाव निवडणार असेल तर आज इथून जाण्याआधी मला भेटा. गाव कोणतं आणि सुरुवात कधी, एवढं आपण आजच ठरवू.